आण्णांची भिंत

२०२१ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात त्या आठवड्यात जो पाऊस कोसळला, तो ज्यांनी अनुभवला त्यांना त्याच्याविषयी वेगळं सांगायला नको. कराड-पाटणच्या दरम्यान, कोयनेच्या काठाजवळ आमचं गाव. वीज दोन दिवस नव्हती. रात्री अडीच-तीनच्या सुमाराला माजघरात धप्पकन आवाज झाला. मी सोप्यातून उठून आत धावलो. बॅटरीच्या उजेडात पाहिलं, तर आईच्या खाटेपासून हातभर अंतरावर सिमेंटच्या गिलाव्याचा भलामोठा पोपडा पडलेला. पोपडा कसला, जेवायच्या पाटाएवढी फरशीच ती! कौलातून गळतं म्हणून संध्याकाळीच खाट अलीकडे ओढली होती. ती नेहमीच्या जागी असती तर काय झालं असतं, याचा विचार आजही नको वाटतो.

आई उठून बसली होती. त्र्याऐंशी वर्षांची ती माउली पडलेल्या तुकड्याकडे शांतपणे बघत होती. म्हणाली, "तुझ्या आण्णांचं सिमेंट पडलं बघ."

आण्णांना जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. पण त्यांचं सिमेंट भिंतीवर होतं आणि आम्ही सगळे, निदान मी तरी, ती भिंत म्हणजे आण्णांचीच एक खूण मानत होतो. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी त्या भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करत टोकापासून टोकापर्यंत गेलो. वीसेक फुटांच्या भिंतीत चार-पाच फूट सोडले, तर सगळीकडून रिकाम्या डब्यासारखा आवाज येत होता. वरून गुळगुळीत, आतून पोकळ. ज्या भिंतीला टेकून आम्ही अभ्यास केला, जिच्याशी आईची खाट चाळीस वर्षं होती, ती भिंत केव्हाच भिंतीपासून सुटली होती.

या भिंतीची कुळकथा सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. आमचं घर पाच खणांचं. जुन्या हिशेबात घर खणांवर मोजत. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. सागाचे खांब, त्यांवर तुळया, त्यावर छपराचा भार. भिंती नंतर मधे भरायच्या. खाली गुडघाभर काळ्या दगडाचं बांधकाम, वर पांढरीच्या मातीच्या कच्च्या विटा, दीड फूट जाडी. पांढर म्हणजे गावठाणाची जमीन आणि काळी म्हणजे शेताची, हे खेड्यात वाढलेल्या माणसाला ठाऊकच असतं. काळीतून पीक यायचं आणि पांढरीतून घर. काळ्या मातीची भिंत टिकत नाही. ती पाण्यानं फुगते, उन्हानं भेगाळते. पांढरी तेवढी फुगत नाही. आमच्या पूर्वजांनी मातीचं शास्त्र कुठल्या शाळेत शिकलं नव्हतं, पण कुठली माती कशाला, हे त्यांना चुकलं नाही.

मातीच्या भिंतीला मात्र चाकरी लागते. पावसाळा सरला की दिवाळीच्या आधी, आणि उन्हाळ्यात लग्नसराईच्या आधी, माती कालवून, तिच्यात भुसा आणि शेण मिसळून सगळ्या भिंती लिंपायच्या. ते काम बायकांचं. आजी होती तोवर आजीचं, मग आईचं. आई तिवईवर उभी राहून लिंपते आहे, कोपरापर्यंत हात मातीनं माखले आहेत आणि भिंतीवर तिचा हात अर्धगोल फिरतो आहे, हे माझ्या लहानपणीचं चित्र आहे. त्या ओल्या मातीच्या वासाबद्दल आजवर किती लेखकांनी लिहिलं असेल! मीही कॉलेजच्या नियतकालिकात लिहिलं होतं. तिवईवर उभं राहणाऱ्या बाईच्या खांद्याबद्दल मात्र मी काही लिहिल्याचं आठवत नाही.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. मी सात वर्षांचा होतो. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, आसपासच्या गावांत घरं पडली. आमच्याकडे परसाकडच्या भिंतीला कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत एक तडा गेला. घर उभं राहिलं. ती भेग आईनं मातीनं बुजवली. दर वर्षी ती थोडी उघडायची, दर वर्षी आई बुजवायची. आणि १९७८ च्या दिवाळीत तीच भेग बुजवताना तिवई कलंडली, आई पडली, तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं. तो हात नंतर पुरता कधीच वर गेला नाही.

आण्णा प्राथमिक शाळेत मास्तर. बोलणं कमी, पण त्या दिवाळीत ते म्हणाले, "यापुढं या घरात कुणा बाईमाणसानं भिंतीला हात लावायचा नाही." आणि त्यांनी सिमेंटचा ध्यास घेतला.

आज कुठल्याही दुकानात जाऊन गोणी उचलून आणावी, अशी तेव्हा सिमेंटची परिस्थिती नव्हती. सिमेंट परमिटवर मिळायचं. अर्ज करायचा, कारण लिहायचं, हेलपाटे घालायचे. १९८२ साली तर सिमेंटच्या प्रकरणावरूनच राज्याच्या मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. त्याच वर्षी नियंत्रण थोडं सैल झालं आणि १९८९ मध्ये ते पूर्ण उठलं. आण्णांनी १९७९ मध्ये फंडातून कर्ज काढलं, तालुक्याला किती खेपा मारल्या ते त्यांनाच ठाऊक, आणि दहा गोण्या मिळवल्या. बैलगाडीतून त्या घरी आल्या तेव्हा आईनं गाडीच्या चाकावर पाणी घातलं होतं. गिलावा झाला. भिंत काचेसारखी गुळगुळीत. शेजारपाजारच्या बायका येऊन तिच्यावरून हात फिरवून गेल्या. आमच्या आळीतली ती पहिली सिमेंटची भिंत. आण्णांनी आयुष्यात मिरवण्यासारखं फारसं काही केलं नाही. ही भिंत त्यांनी मिरवली.

दहा-पंधरा वर्षं भिंत उत्तम राहिली. मग खालच्या अंगाला ओल दिसू लागली. आधी वीतभर, मग हातभर. भिंतीला लोणा लागला, पांढरी पूड झडू लागली. २००६ मध्ये मी बँकेतला पगारदार मुलगा म्हणून पुढे झालो. बाजारातलं ओल थांबवायचं औषध आणलं, ते फासलं आणि त्यावर छातीएवढ्या उंचीपर्यंत ऑइल पेंट दिला. दोन वर्षं मी विजयी मुद्रेनं वावरलो. तिसऱ्या वर्षी ओल पेंटच्या वर, डोक्याएवढ्या उंचीला दिसू लागली. तिथंही मी पेंट दिला.

हे सगळं सांगायचं कारण, पुढे जे निघालं त्याचा दोष एकट्या आण्णांवर येऊ नये.

पाऊस ओसरल्यावर धाकटा भाऊ चिंचवडहून आला. त्यानं भिंत पाहिली, तुळई पाहिली आणि एका वाक्यात निकाल दिला. "दादा, जेसीबी आण. दोन दिवसांत मोकळं मैदान होईल. स्लॅबचं घर बांधू." त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या पोरांना या घरात झोपायची भीती वाटत होती. ओळखीच्या एका ठेकेदारानंही भिंतीला पाय लावून तोच सल्ला दिला. मी मात्र हटून बसलो. या भिंतीला हात लावायचा नाही, पोपडे काढून पुन्हा गिलावा करू, असं माझं म्हणणं. भावाला घर पाडायचं होतं, मला भिंत जपायची होती. दोघांचे आवाज चढले. "आण्णांनी कर्ज काढून केलंय हे," मी म्हणालो. "आण्णांनी केलंय म्हणून आईच्या डोक्यावर पाडायचं का?" भाऊ म्हणाला. त्यावर मला उत्तर नव्हतं.

आई सूप घेऊन दारात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आधी फोडून तर बघा. आत काय हाय ते कुणी बघितलंय?"

जुन्या भिंतींचं काम जाणणारा गवंडी शोधायला दिवाळी उजाडली. पाटण भागातले एक सत्तरीकडे झुकलेले बाबा मिळाले. त्यांनी आयुष्यभर देवळांच्या आणि वाड्यांच्या डागडुजीची कामं केलेली. आल्या आल्या त्यांनी भिंतीकडे पाहिलंच नाही. ते घराबाहेर गेले, परसातून चक्कर मारली, गल्लीत उभे राहिले, न्हाणीचं पाणी कुठं जातं ते पाहिलं. मग आत येऊन फरशीवर बसले आणि खांबाच्या पायाशी हात लावला. म्हणाले, "भाऊ, भित आजारी न्हाई. तिला कोंडलीया."

त्यांचं म्हणणं मला नीट कळायला पुढचे तीन महिने गेले. पण सांगायला सोपं आहे. जमिनीतली ओल भिंतीत चढतेच. दिव्याच्या वातीत तेल चढतं, तशी. मातीच्या भिंतीत पूर्वीही ती चढत होती. पण माती आणि चुना यांचा गिलावा ती ओल बाहेर सोडतो. वाऱ्यानं, उन्हानं भिंत वाळते. पावसाळ्यात जेवढं पाणी प्याली, तेवढं हिवाळा-उन्हाळ्यात टाकून देते. सिमेंटचा गिलावा घट्ट. तो पाणी बाहेर पडू देत नाही. मग पाणी काय करतं? वाट मिळेल तिथवर वर चढतं. पाण्याबरोबर जमिनीतले क्षार येतात. पाणी सुकलं की गिलाव्याच्या पाठीमागे त्या क्षारांचे खडे धरतात, ते फुगतात आणि गिलाव्याला आतून ढकलतात. म्हणून भिंत पोकळ वाजते. शिवाय सिमेंट कडक आणि माती मऊ. घर ऊनपावसात किंचित हलतं तेव्हा माती सावरून घेते, सिमेंट तडकतं. तड्यातून पावसाचं पाणी आत शिरतं. आत येतं, पण बाहेर जात नाही. मी ऑइल पेंट देऊन काय केलं, तर उरलेली खिडकीसुद्धा लावून घेतली.

आणि एवढ्यावर भागलं नव्हतं. गल्लीत वेळोवेळी डांबर पडलं, मग काँक्रीट पडलं. जुन्याच्या डोक्यावर नवं. लहानपणी घरात शिरायला तीन पायऱ्या चढाव्या लागत. आता एक उरली होती. बाहेरची जमीन वर आली आणि जोतं गाडलं गेलं. म्हणजे गुडघाभर दगडाचं जे बांधकाम पाण्यासाठी होतं, ते जमिनीखाली गेलं आणि माती जमिनीला टेकली. घर होतं तिथंच होतं, गाव वर आलं होतं.

दिवाळीनंतर काम सुरू झालं. भिंत फोडणं म्हणजे घण उचलून घालणं, अशी माझी कल्पना. बाबांनी घण आणूच दिला नाही. पहिले चार दिवस भिंतीला कुणी हातच लावला नाही. आधी वरची कौलं उतरवली, भार हलका केला. मग तुळईला दर तीन-चार फुटांवर लाकडी टेकू दिले, त्यांच्या खाली फळ्या टाकल्या, पाचरी मारून ते घट्ट केले. ओळंबा सोडला तेव्हा भिंतीचं पोट मधोमध चार बोटं पुढं आलेलं दिसलं. रोज तिथून ये-जा करूनही ते आमच्या डोळ्यांना कधी दिसलं नव्हतं. रोज दिसणाऱ्या माणसाचं दुखणं दिसत नाही, तसंच हे.

मग गिलावा. चपट्या छिन्नीनं कडेपासून हलकेच उचकटत यायचं. ठोकायचं नाही, ठोकलं की हादरा आत जातो. पोपडे एकेक करून सुटू लागले. काहींच्या मागून ओली मातीच घसरत बाहेर आली. लापशीसारखी. चाळीस वर्षं जिला आम्ही पक्की भिंत म्हणत होतो, ती गिलाव्याच्या दोन फरशांमध्ये धरून ठेवलेली लापशी होती. वाळवीनं विटांमधून बोटभर जाडीच्या वाटा काढल्या होत्या. खुंट्यांचं लाकूड जागेवर दिसत होतं. बोट लावलं की भुगा.

गावात बातमी गेली की मास्तरांची भिंत फोडताहेत. मग माणसं "काय निघालं का?" म्हणून डोकावू लागली. जुनी भिंत फोडली की हंडा निघतो, ही आपल्याकडची जुनी आशा. आमच्या भिंतीतून निघालं ते असं: बुजवलेली एक देवळी, तिच्या आत दिव्याच्या काजळीचा काळा डाग, पितळेची एक कडी, आणि उंदरानं नेलेला माझ्या शाळेतल्या पाटीचा तुकडा. हंडा नाही.

पण आणखी एक गोष्ट निघाली. तिसऱ्या दिवशी एक मोठा पोपडा सबंध उतरला. बिगाऱ्यानं तो उलटा करून भिंतीला टेकवला. पाहिलं, तर सिमेंटच्या पाठीवर अर्धगोल रेघा होत्या. एकाशेजारी एक, एकावर एक. चार बोटांच्या. गिलावा करण्यापूर्वी सिमेंटनं धरावं म्हणून मातीला टिकावाचे टोचे मारलेले होते, पण मधल्या जागा तशाच राहिलेल्या. त्या मातीवर आईचा शेवटचा हात फिरलेला होता, तो सिमेंटनं जसाच्या तसा उलटा उतरवून घेतला होता. मी आईला हाक मारली. ती काठी टेकत आली. बराच वेळ बघत राहिली. मग त्या रेघांवर आपली बोटं ठेवून बघितली आणि म्हणाली, "हा डाव्या हाताचा. उजवा मोडला होता तवा." आणि आत निघून गेली.

म्हणजे हाड मोडल्यावरही तिनं ती भेग बुजवली होती. हे आण्णांना ठाऊक होतं की नव्हतं, कोण जाणे. बहुधा असावं. सिमेंटचा ध्यास उगीच घेतला नसावा.

आठव्या दिवशी पहाटे, कामावर कुणी नसताना, पोट आलेला भाग आपसूक खाली आला. सहा-सात फुटांची भिंत. परसात मातीचा ढीग. आई तेव्हा शेजारी झोपायला जात होती. मी धावत गेलो आणि पहिल्यांदा वर बघितलं. तुळई जागच्या जागी होती. खांब उभे होते. भिंत पडली होती, घर पडलं नव्हतं. बाबा आले, ढिगाकडे बघून म्हणाले, "बरं झालं, आमचा एक दिस वाचवला तिनं."

भावाला मी हे फोनवर सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "आणि किल्लारीत?" प्रश्न बरोबर होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं झोपेतच गेली, ती दगडमातीच्या भिंतींखाली. तेव्हापासून मातीचं बांधकाम म्हणजे मरण, हे मराठी मनात पक्कं बसलं. बाबांना मी ते विचारलं. त्यांनी पडलेल्या भिंतीचा दगडी भाग मला दाखवला. जाड भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात, एक आतल्या अंगाची, एक बाहेरच्या. मधे चिपा आणि माती. या दोघींना बांधून ठेवायला ठरावीक अंतरावर भिंतीच्या पूर्ण जाडीचा लांब दगड घालावा लागतो. तो घातला नाही, की हादऱ्यानं दोन्ही अंगं एकमेकींपासून सुटतात आणि भिंत फुटते. किल्लारीकडे भिंती जाडजूड होत्या, पण असे बांधून ठेवणारे दगड बहुतेक ठिकाणी नव्हते, आणि वर माळवदाच्या मातीचं भलंथोरलं ओझं. भूकंपानंतर तिथल्या उभ्या राहिलेल्या घरांच्या भिंतींना आरपार भोकं पाडून, त्यांत सळई घालून काँक्रीट भरलं गेलं, ते नेमक्या याच कारणासाठी. दोन अंगं एकमेकांना धरून राहावीत म्हणून.

आमच्या दगडी भागात असे दगड होते, पण कोपऱ्यात, जिथं १९६७ ची भेग होती, तिथं एकही नव्हता. चोपन्न वर्षं आईनं जी भेग बुजवली आणि आण्णांनी झाकली, तिचं कारण एक न घातलेला दगड होता.

खांबाची कथा निराळी. मूळ बांधकामात प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर उभा होता, म्हणजे लाकूड जमिनीला टेकत नव्हतं. आण्णांच्या पश्चात मी शहाबादी फरशी घातली तेव्हा खाली भर टाकली आणि तळखडे गाडले गेले. दोन खांबांचे पाय कुजले होते. सुताराने कुजका भाग कापून खाली नवा साग सांध्यानं जोडला आणि तळखडे पुन्हा मोकळे केले. हा हिशेब सरळ माझ्या नावावर.

माती मात्र मरत नाही. लोणा लागलेली माती वेगळी काढली. ती एका शेतकऱ्यानं आनंदानं रानात टाकायला नेली. उरलेली चाळून, भिजवून, भुसा घालून पायानं तुडवली आणि तिच्याच पुन्हा विटा पाडल्या. सिमेंटच्या राड्यारोड्याचं मात्र काय करावं हा प्रश्न होता. तो ट्रॉलीभर निघाला आणि कुणालाच नको होता.

एव्हाना मी पुरता बाटलो होतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला भिंत कशी श्वास घेते, पूर्वजांचं ज्ञान कसं थोर होतं, सिमेंटनं कसा घात केला, हे ऐकवू लागलो. एके दिवशी गावातल्या शाळेचे शिक्षक आले होते. माझं व्याख्यान रंगात आलं होतं. आई ऐकत होती. शेवटी म्हणाली, "भिंतीला श्वास होता, खरं हाय. लिंपताना माझा जात होता, ते बी सांग की त्यांना."

मी गप्प झालो. खरं सांगायचं तर त्या एका वाक्यानं माझा सगळा अभ्यास पालथा घातला. आण्णांचं सिमेंट भिंतीच्या दृष्टीनं चूक होतं. बाईच्या दृष्टीनं ते चूक नव्हतं. चाळीस वर्षं आईला तिवईवर चढावं लागलं नाही, हे त्या दहा गोण्यांनी खरोखरच करून दाखवलं होतं. जुन्या घरांचे गोडवे गाताना ती घरं कुणाच्या हातांनी उभी राहिली होती, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. बहुतेकदा विसरणारे पुरुषच असतात.

मग आईनंच अट घातली. भिंत मातीची करा, काय हवं ते करा. पण दर वर्षी लिंपावी लागेल अशी नको, आणि घरातल्या सुनांनी तिला हात लावायचा नाही.

बाबांनी त्यावर चुन्याचा गिलावा सांगितला. कळीचा चुना आणला, परसात खड्डा काढून त्यात पाण्यानं विझवला. खदखदा उकळतो तो. पोरांना आणि कुत्र्यांना दूर ठेवावं लागतं, डोळे जपावे लागतात. महिनाभर तो पाण्याखाली मुरत ठेवला. मग वाळू आणि सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. सुरखीमुळे चुना ओलीतही धरतो. वर गुळाचं पाणी. जुन्या देवळांजवळ आणि किल्ल्यांवर दगडी चाकाची गोल घाणी पडलेली दिसते ना, ती हा चुना मळण्यासाठीच. बैल जुंपून दिवसदिवस मळत असत. आम्ही मोटारीवरची घाणी भाड्यानं आणली. गिलावा पातळ थरांनी, एका थरानंतर दिवस जाऊ देऊन दुसरा. त्यावर गोणपाटं लावून दोन आठवडे पाणी मारलं. चुना हवेतून कर्बवायू घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो. त्याला घाई चालत नाही. मला फार वाटायची.

सगळंच जुनं केलं असं नाही. न्हाणीची भिंत पक्क्या विटांची आणि सिमेंटची केली, तिथं तेच योग्य. न्हाणीचं पाणी नळीनं दूर काढलं. घराच्या मागच्या अंगाला जमीन फूटभर खणून जोतं उघडं केलं, चर काढून त्यात खडी भरली, पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून छपर दीड हात पुढं वाढवलं. बाबा म्हणत, घराला डोक्यावर चांगली टोपी आणि पायात चांगलं पायताण असलं की मधल्या अंगाला काही होत नाही. आणि कोपऱ्यात भिंतीच्या पूर्ण जाडीचे तीन दगड घातले. त्यातला पहिला भावानं उचलून लावला. तो खास त्यासाठी चिंचवडहून आला होता. त्याचं मन पूर्ण वळलं असं नाही. खर्च नव्या खोलीएवढा आला, हे तो अजूनही ऐकवतो, आणि ते खरं आहे. पण गेल्या मे महिन्यात त्याची पोरं माजघरात त्याच भिंतीशी झोपली.

सिमेंटच्या एका तुकड्याबद्दल सांगायचं राहिलं. राडारोडा ट्रॉलीत भरताना बोटांच्या रेघांचा तो पोपडा मी बाजूला ठेवला होता. चौकट करून भिंतीवर लावावा, असं माझ्या मनात. आईला ते ऐकून हसू आलं. "भिंतीवर परत सिमेंट लावतोस व्हय?" मग तिनंच तो परसदाराशी, पाय धुवायच्या जागी बसवून घेतला. आण्णांची गुळगुळीत बाजू वर, तिच्या हाताची बाजू खाली मातीत. "घसरत नाही, चांगला दगड हाय," एवढंच म्हणाली.

चुन्याच्या भिंतीला लिंपण लागत नाही, पण सफेदी लागते. दर दिवाळीला मी चुना भिजवून, गाळून, चिमूटभर नीळ घालून कुंचा हातात घेतो. दुसऱ्या दिवशी खांदे भरून येतात, हात वर जात नाही. आई खुर्ची टाकून मागे बसलेली असते. पहिल्या वर्षी मी दमून मधेच खाली बसलो, तेव्हा म्हणाली, "वरची कड राहिली बघ. तिथंच पाणी शिरतं."

मी पुन्हा तिवईवर चढलो.